उष्ट्याची खिडकी

मला चेहरे माहीत नाहीत.
खिडकी हातभर उंच, कमरेच्या पातळीला.
तिच्यातून आत येतात नुसती मनगटं
आणि ताटं. सहा खणांची, स्टीलची,
अकरापासून अडीचपर्यंत दोन हजारांवर.
मी दाल्वानीरा. बेलेंच्या विद्यापीठात, नदीकाठच्या भोजनगृहात
एकोणीस वर्षं उष्टी काढते.

पलीकडे, वाढपाच्या बाजूला, रोझीलेनी.
तिला मुलं नावानं हाक मारतात.
तिच्या डावात भात, तपकिरी घेवडा, भोपळा,
शाबुकंदाचा भरडा हवा तेवढा,
मासा मात्र एकच तुकडा, आणि एक केळं.
फाटकाशी एक नाणं टाकायचं, बस्स.
त्या नाण्यात रस्त्यापलीकडे
उकडलेलं अंडंसुद्धा सोलून मिळत नाही.

रोझीलेनीला ठाऊक असतं कोणाला काय हवंय.
मला ठाऊक असतं काय उरलं.

घड्याळ घातलेलं एक मनगट: भात अर्धा, नेहमीच.
शाई लागलेली बोटं: परीक्षेच्या आठवड्यात घेवडा तसाच, साय धरलेला.
एक हात गव्हाळ, अंगठ्याला जुना व्रण,
नखांत असाईचा जांभळा रंग, घासूनही न जाणारा.
बेटावरची असावी. पहाटे झाडावर चढून घड उतरवून
मग होडीनं येत असावी वर्गाला.
तिचं ताट मी नुसतं पाण्याखालून काढते.

मार्चमध्ये ताईनारा आली, नवी आहारतज्ज्ञ,
पांढरा कोट, काटा, वही.
खरकटं तोलू लागली. बादलीवर बादली.
"भोपळा नापसंत," तिनं लिहिलं, "माणशी चौतीस ग्रॅम."
मी म्हटलं, बाई, हा मंगळवार आहे.
शुक्रवारी तोला.

शुक्रवारी ती थांबली.
भोपळा नाही. भात नाही.
माशाचे काटे असे, की मांजरानंही तोंड फिरवावं.
खणांच्या कोपऱ्यांत बोट फिरल्याच्या खुणा.
आणि केळ्यांच्या साली? तिनं विचारलं.
सहाशे केळी गेली, साली चारशेच कशा?

मी नळ सोडला.
पाण्याच्या आवाजात बरंच काही सांगावं लागत नाही.
नळ बंद करून तरी सांगितलंच:
शनिवार-रविवार आपण कुलूप लावतो.
पोट लावत नाही.

फळ बाहेर नेऊ नये, अशी पाटी आहे दारावर.
मीच पुसते ती दर सोमवारी.

ताईनारानं वहीत काय लिहिलं, मला नाही दाखवलं.
वरच्या मजल्यावर बैठका झाल्या म्हणे,
पैसे नाहीत म्हणाले, मग अर्धे आहेत म्हणाले.
शनिवारी चूल पेटली नाही अजून.
पण शुक्रवारचा घेवडा दाट झालाय,
त्यात हाडाचा रस उतरलेला असतो, भोपळाही मोठा चिरलेला,
आणि मोजणीच्या रकान्यात केळी "साधारण" लिहितात.

परवा संध्याकाळी बसथांब्यावर
एक मुलगी शेजारी उभी राहिली. मी ओळखलं नाही.
ओळखणार कशी, तिला चेहरा होता.
मग तिनं सुटे पैसे काढायला पिशवीत हात घातला
आणि अंगठ्याचा व्रण दिसला.
पिशवीत पुस्तकं, वर कागदी रुमालात गुंडाळलेलं
काहीतरी वाकडं, पिवळं.
धाकटं कुणी असेल घरी. किंवा तिचाच रविवार असेल.

तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे,
पाण्यानं सुरकुतलेल्या बोटांकडे,
आणि पिशवीचं तोंड आवळून धरलं.

मी नदीकडे बघत राहिले.
पलीकडे बेटावर दिवे लागत होते, एक, मग बराच वेळ एकच.
"आज घेवडा बरा होता का?" मी विचारलं.
"मीठ कमी होतं," ती म्हणाली,
आणि पिशवी सैल सोडली.